गुलाबभाऊंची हवा

गुलाबभाऊंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाणी विचारण्याआधी त्यांनी माझ्या हातात फुगा ठेवला. साधाच, वाढदिवसाला लावतात तसला, लाल.

"फुगवा, मास्तर."

मला वाटलं, घरात कुणाचा तरी वाढदिवस असेल. मी मुकाट्याने फुगवायला लागलो. ते एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे आणि एकदा माझ्या गालांकडे बघत होते. फुगा भरल्यावर त्यांनी तो काढून घेतला, दोन्ही तळव्यांत दाबून पाहिला आणि हवा सोडून दिली.

"सहा दमात. चांगलं हाय. बसा आता, चहा घ्या."

भद्रावतीत त्यांच्या शेजारी घर बांधल्यावर माझं स्वागत हे असं झालं. पुढे कळलं की यातून कुणीच सुटलं नव्हतं. पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी पोह्यांच्या बशीआधी फुगा दिला होता. तो बिचारा तिसऱ्या दमाला खोकला. लग्न झालं, पण गुलाबभाऊ अजून म्हणतात, "जावई चांगला हाय, पण हवा कमी हाय."

त्यांचं सगळं आयुष्य हवेत गेलं होतं, म्हणजे कोळशाच्या खाणीत मोठाल्या कॉम्प्रेसरवर ते ऑपरेटर होते. खाली ज्या हवेवर ड्रिल चालायचे, ती हवा वरून पाठवायची. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे साधं बोलणंही ते ओरडून करत आणि कान मात्र इतके तयार, की माझ्या स्कूटरचा कोणता नट ढिला आहे ते भिंतीपलीकडून सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसं मोजायला घेतली. त्यांच्या मते जगात दोनच तऱ्हा. "सायकलच्या पंपातबी प्रेशर येते, मास्तर. बोटानं भोक दाबलं का झालं. पण बोट काढल्यावर किती वेळ येत राह्यते, ते हवा." निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून दारात आला, पाच मिनिटं तावातावाने बोलला. गुलाबभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रेशर सोडा, हवा सांगा." त्याला काही कळलं नाही. त्याच्या मागच्या कार्यकर्त्यांना कळलं असावं, ते हसले.

घरात दोनच माणसं, गुलाबभाऊ आणि त्यांची सून वर्षा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अमोल दोन वर्षांपूर्वी कामाला म्हणून हैदराबादला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. हे त्याने फोनवर सांगितलं, बापाला, दोन वाक्यांत. मूलबाळ नव्हतं. वर्षा चामोर्शीची. तिचा भाऊ दिनेश दर दोन महिन्यांनी यायचा आणि म्हणायचा, "चाल घरी. इथी काय ठेवलं हाय तुयं?" वर्षा चहा टाकायला आत जायची. गुलाबभाऊ उठून मागच्या शेडमध्ये जायचे आणि काहीतरी ठोकत बसायचे.

आळीत बोललं जायचं, म्हाताऱ्याला भाकर कोण थापून देईल म्हणून पोरीला अडकवून ठेवलंय. खरं सांगायचं तर माझ्या घरातही हे बोललं गेलं, आणि बोलणारा मीच होतो.

वर्षाच्या हातात चित्र होतं. रांगोळी नाही, चित्र. तिने कुठेतरी काचेवर केलेली नक्षी पाहिली. काचेवर स्टिकर चिकटवायचा, ब्लेडने त्यात पानं-फुलं कापायची आणि मग हवेच्या जोरावर बारीक खर, म्हणजे कठीण दगडाचा रवा, मारायची. स्टिकर असतो तिथे काच चकचकीत राहते, उघडी असते तिथे दुधी होते. तिने हे जेवताना सहज सांगितलं. गुलाबभाऊ ताटावरून उठले ते हात धुवायचं विसरून शेडमध्ये गेले.

पंधरा दिवसांत त्यांनी एक जुनं लोखंडी कपाट आडवं टाकून त्याची पेटी केली. समोर दोन भोकं, त्यांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, वर बघायला काच. आत बंदुकीसारखी नळी, तिच्या तोंडाला तीन मिलिमीटरचं भोक. हवेसाठी पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर आणला. वर्षाने मोज्यांत हात घातले, पायाने पेडल दाबलं आणि मोहाचं एक पान कोरायला घेतलं.

देठ झाला आणि हवा संपली.

दोन मिनिटं थांबायचं, टाकी भरायची, मग अर्धं पान. पुन्हा थांबायचं. काचेवर पान उठलं, पण ठिकठिकाणी फिकं, ठिकठिकाणी गडद, रोग पडल्यासारखं. मी म्हणालो, "गुलाबभाऊ, प्रेशर तर काटा शंभरवर दाखवतोय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझे सहा दम वाया गेले.

कोणीतरी म्हणालं, एवढी महागाची खर कशाला, नदीची रेती चाळून मारा. त्यावर ते एवढे भडकले की मी दचकलो. "रेतीची धूळ छातीत गेली का निघत नाई. माह्या सुनेच्या छातीत रेती घालू?" त्यांनी विटकरी रंगाची गार्नेटची खर मागवली, तिच्यासाठी दोन डबीवाला मास्क आणला, कानांवर घालायचे जाडजूड टोप आणले. ते घालून ती शेडमध्ये उभी राहिली की शेजारची पोरं बघायला यायची.

मग आम्ही कॉम्प्रेसर बघायला चंद्रपूरला गेलो. दुकानदार बोलका होता. "काका, तीन हॉर्सपॉवर, जबरदस्त प्रेशर!"

"प्रेशर सोडा, हवा सांगा."

"पाटीवर लिहिली आहे ना."

"पाटीवरची हवा पाटीजवळ राह्यते. नळीतून किती येते ते सांगा." असं म्हणून त्यांनी टाकी रिकामी करायला लावली, हातातलं घड्याळ काढलं आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब. तीन मशीन नापास. चौथ्या वेळी दुकानदार स्वतःच घड्याळाकडे बघत घामाघूम झाला. गुलाबभाऊ मला समजावत होते, "नळीचं भोक घासून तीनाचं चार झालं, तर हवा सव्वापट नाई, पावणेदोनपट लागते. म्हून कॉम्प्रेसर भोकापेक्षा वरचढ घ्या लागते."

चौथं मशीन पास झालं. तीन हॉर्सपॉवर, सिंगल फेज, घरच्या साध्या लाइनवर चालणारं.

इथे मी न राहवून बोललो. त्यांच्या शेडमध्ये थ्री फेजची लाइन होती. त्यांच्या बायकोची पिठाची चक्की तिथे चालायची. गावातला वेल्डिंगवाला त्याचा पाच हॉर्सपॉवरचा थ्री फेज कॉम्प्रेसर द्यायला तयार होता, तोही कमी किमतीत. त्यात हवा किती तरी जास्त. मी हे सगळं सांगितलं.

"सिंगल फेजच पायजे."

"पण काऊन, गुलाबभाऊ?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पायजे म्हून पायजे."

हा माणूस हवेच्या बाबतीत कधी तडजोड करत नव्हता. मला वाटलं, वय झालं.

मशीन मात्र नीट जुळलं. त्यांनी नळी बारीक ठेवली, प्रेशर चाळिसाच्या आसपास बांधलं, आणि वर्षाची हवा संपणं थांबलं. घरांच्या पाट्या झाल्या, देवघरांची दारं झाली. दर दुसरं गिऱ्हाईक वाघ मागायचं. वर्षा वाघ काढायची, पण त्याच्या मागचा बांबू अधिक मनापासून काढायची.

असाच बांबू पाहून अहेरीच्या एका डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला. नवा दवाखाना उघडत होत्या. आठ मोठ्या काचा हव्या होत्या, बाळंतिणींच्या खोलीच्या. बांबू, मोह, पळस, पाखरं. उद्घाटनाचा दिवस ठरलेला. शनिवारी काचा तिथे पोचायला हव्यात, रविवारी बसवणारे येणार. दिनेशकडे पिकअप गाडी होती, तो शुक्रवारी संध्याकाळी येऊन काचा नेणार होता.

त्या आठवड्यात त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. वर्षा पहाटेपासून स्टिकर कापायची. गुलाबभाऊ खर चाळायचे, टाकीच्या बुडाचं पाणी सोडायचे, नळीचं भोक ड्रिलच्या काडीने मोजायचे. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. मधल्या भिंतीवरून मला फक्त मोटर ऐकू यायची. चालू, बंद, चालू, बंद. ही चालू-बंद एका छोट्या डबीने होते. टाकी भरली की डबी मोटर बंद करते, उतरली की चालू करते. त्यातून डबी बिघडलीच, तर टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जादा हवा बाहेर टाकतो, नाहीतर टाकी बाँबसारखी फुटेल. त्याला एक कडी असते. गुलाबभाऊ ती दर सोमवारी ओढून बघायचे, घाण अडकली नाही ना म्हणून.

शुक्रवारी दुपारी सात काचा झाल्या होत्या. आठवीवर काम चालू होतं. गुलाबभाऊंना मीच बळेबळे आमच्या ओसरीवर आणून बसवलं, माझ्या बायकोने चहा दिला. त्यांनी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"बंद होऊन नाई राह्यली," ते म्हणाले.

"काय?"

"मोटर. बंद व्हा पायजे होती."

मला तर नेहमीचाच आवाज वाटत होता. त्यांच्या हातातला कप खाली पडला. "मास्तर, मेन! घराच्या समोरचा मेन पाडा!" आणि सत्तरीचा तो माणूस आमच्या कुंपणावरून उडी मारून गेला. मी खोटं सांगत नाही, उडी मारून.

मी पुढच्या दाराकडे धावलो. मीटरची पेटी उघडली. पलीकडून गुलाबभाऊंची हाक ऐकू येत होती, "वर्षा! वर्षा!" तिला कुठून ऐकू येणार! कानांवर टोप, तोंडावर मास्क, आणि ती हवा थांबवून काचेवर वाकून एका पाखराचा स्टिकर सोलत होती. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर टाकी होती आणि तिचा काटा लाल रेषेच्या पुढे चालला होता.

मी मेन पाडला. मोटरचा आवाज बसत गेला.

शेडपाशी पोचलो तेव्हा गुलाबभाऊंनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलेलं होतं आणि विहिरीच्या कठड्याआड बसवलं होतं. तिला अजून काही समजलं नव्हतं. "मामाजी, काच पडली असती ना!" ती म्हणत होती. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.

"इथून हालू नको," म्हणून ते पुन्हा आत गेले. मी अडवायला हात पुढे केला, तो त्यांनी नुसता बाजूला सारला. मोटर बंद झाली तरी टाकीत हवा तशीच कोंडलेली होती. आत जाऊन, गुडघ्यांवर बसून, त्यांनी बुडाची तोटी केसभर उघडली. शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. आम्ही तिघं ती शिट्टी ऐकत होतो, तिघं म्हणजे मी, माझी बायको आणि वर्षा. किती वेळ गेला माहीत नाही. शिट्टीचा आवाज बसत बसत फुसफुसण्यावर आला, तेव्हा ते बाहेर आले. अंगावरचा बनियन पिळून काढण्यासारखा झाला होता.

डबीतले तांब्याचे दोन तुकडे तापून एकमेकांना चिकटले होते. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात गार्नेटची धूळ बसून तो घट्ट झाला होता.

"सोमवारी मी कडी ओढली नाई," गुलाबभाऊ म्हणाले. "घाईत राह्यलं." मग तेच पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले.

अशा वेळी दिनेशची गाडी आली, ठरल्या वेळेआधीच. काय झालं ते त्याला माझ्या बायकोने सांगितलं आणि तो पेटला. "माह्या बहिणीचा जीव घेतो काय, बुढ्या? पोरानं सोडलं तिले, आता तू मारून टाकतो? आज मी तिले घेऊनच जातो!"

मला वाटलं, आता भांडण होणार. गुलाबभाऊ काही ऐकून घेणारे नव्हते.

ते म्हणाले, "घेऊन जा. खरं हाय तुयं. तिलेबी घेऊन जा अन् मशीनबी."

दिनेशने शेडकडे वळून पाहिलं. गुलाबभाऊ बोलतच राहिले.

"तुमच्या घरी सिंगल फेज हाय. मी पाहून आलो. बाजाराच्या दिवशी आलो होतो चामोर्शीले, बाहेरूनच मीटर पाह्यलं. दारबी मोजलं, अडीच फूट. पेटीले म्हून कुठी वेल्डिंग नाई मारलं, सारे नटबोल्ट हायेत. खोलली का दारातून जाते. तिथी जोडली का चालू."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या दुकानातला माझा शहाणपणा मला आठवला, आणि घरात बसून बोललेलं सगळं. मान वर करवेना. हा माणूस महिनोन्महिने तिला अडकवत नव्हता, तिच्या जाण्याची तयारी करत होता. तिला रिकाम्या हाताने जावं लागू नये, एवढंच त्याचं गणित होतं.

पण वर्षा उठली. तोंडावरचा मास्क तिने काढला, मास्कच्या कडांच्या दोन लाल रेघा गालांवर उमटल्या होत्या.

"अन् मले कोणं विचारलं?" ती म्हणाली. "दोघंबी माह्यावरच बोलून राह्यले. मी काय कॉम्प्रेसर हाव का, इथून उचलला, तिथी ठेवला?"

दिनेशने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"जायचं का नाई ते माह्यं मी ठरवीन. आज नाई. आज आठवी काच हाय. त्या पाखरांचे पंख राह्यले."

"डबी जळली, पोरी," गुलाबभाऊ म्हणाले. "नवी चंद्रपुरातून आणा लागते. मोटर आपोआप बंद नाई होत."

"तुम्ही हाय ना, मामाजी. तुम्ही करा बंद."

व्हॉल्व्ह खोलून, धुऊन, चार वेळा कडी ओढून त्यांनी खात्री केली. मग दिनेशला मेनपाशी उभं केलं, मला दारात. आणि स्वतः टाकीसमोर स्टूल टाकून, एक हात बटणावर, डोळे काट्यावर ठेवून बसले. काटा वर गेला की बंद करायचं, खाली आला की चालू. जे काम ती डबी करते ते.

वर्षाने कानांवरचे टोप घातले नाहीत. कानांत नुसता कापूस घातला, त्यांचं ओरडणं ऐकू यावं म्हणून.

"चाल!" ते ओरडायचे, ती पेडल दाबायची. "थांब!" ती पाय उचलायची. पहिली दहा मिनिटं प्रत्येक वेळी काटा लाल रेषेकडे सरकला की मी एक पाऊल मागे जायचो. नंतर लक्षात आलं की ते ओरडायच्या आतच तिचा पाय उचलला जातोय, आणि तिचा पाय उचलायच्या आत त्यांचं बोट बटणावर दाबलं जातंय. ओरडणं आपोआप थांबलं. दोन वर्षं एका घरात जवळजवळ न बोलता राहिलेली ती माणसं, एकमेकांना किती ओळखत होती ते मला त्या शेडच्या दारात उभं राहून दिसलं.

ऊन उतरेपर्यंत पंख पुरे झाले. वर्षाने स्टिकर सोलला. दुधी काचेतून सात पाखरं उडत होती. गुलाबभाऊंना स्टुलावरून उठता येईना, पाय आखडले होते. दिनेशनेच त्यांना काखेत हात घालून उठवलं.

काचा वेळेवर पोचल्या. एकही तडकली नाही.

वर्षाने ठरवायला दोन महिने घेतले. मग तिने चामोर्शीला भावाच्या घरच्या पुढच्या खोलीत दुकान घालायचं ठरवलं. गडचिरोली, अहेरी, आष्टी, सगळीकडची गिऱ्हाइकं तिथून जवळ पडत होती. पेटी तिने स्वतः खोलली, प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पुडीत बांधला. गुलाबभाऊ गाडीच्या दोऱ्या तपासत राहिले, तपासलेल्याच पुन्हा. गाडी निघाली तेव्हा ते फाटकापाशी नव्हते, शेडमध्ये होते. मी हाक मारली नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते बसस्टँडवर दिसू लागले. कापडी पिशवी, पिशवीत जुना टूथब्रश आणि फडकं. "कॉम्प्रेसर हवा ओढते तिथी फिल्टर असते," त्यांनी मला सांगितलं. "ते आठ दिवसांनी साफ करा लागते. पोरीले जमत नाई ते."

चंद्रपूरला बस बदलून जायचं, जाऊन येऊन अख्खा दिवस मोडायचा. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला ब्रेकची हवा कुठे गळते ते सांगितलं, त्याला ते आवडलं नाही.

दुकानात वर्षा कुणाला तरी वाघ दाखवत होती. गुलाबभाऊ थेट आत गेले, फिल्टर खोललं, कागदावर आपटलं. थोडा केर पडला.

"पाह्य! पाह्य वर्षा! आठ दिवसांत एवढा!"

"अरे बापा," वर्षा आतल्या दाराशी येऊन म्हणाली. "बरं झालं आले, मामाजी. मले तर समजतच नाई ते."

ते टूथब्रश घेऊन जोरात कामाला लागले. वर्षाने मला बाहेरच्या बाकावर चहा आणून दिला. मी म्हणालो, "एवढं अवघड असतं का गं ते?"

तिने आत एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"नाई हो, गुरुजी. मी रोज दुकान बंद करताना साफ करते. शनिवारचं तेवढं राहू देते. आज केर कमी दिसला, म्हणून सकाळी झाडलेली चिमूटभर धूळ मीच टाकली त्यात."